उपवासकाळातला कोयता

आज सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर काळी काजळी येऊन पडली. बारामतीच्या बाहेर कुणीतरी तुटलेल्या उसाचं पाचट पेटवलं असणार. लांब, हलक्या, दोऱ्यासारख्या त्या काळ्या काड्या. हात लावला की पसरतात, झटकल्या की आणखी बसतात. मी चांगली मोठ्यानं एक शिवी हासडली, आणि मग आठवलं की आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस आहे. संध्याकाळी फादरांच्या अंगठ्यानं कपाळावर राख लावून घ्यायला मीच रांगेत उभी राहणार. चादरीवर पडली तर शिवी आणि कपाळावर पडली तर आमेन! आई असती तर म्हणाली असती, "राख ती राखच गं. कुठंबी पडू दे, धुवायची बाईलाच."

मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर नव्या तरुण फादरांनी आम्हा बायकांना थांबवून घेतलं होतं. उपवासकाळ येतोय, तर रोजच्या जगण्यात तुम्हाला पावित्र्य कुठं दिसतं ते एकेकीनं एका शब्दात सांगा, म्हणाले. बायकांनी काय काय सांगितलं! कुणी तान्ह्या बाळाचं हसू म्हणाली, कुणी पहाटेची शांतता, कुणी मेणबत्ती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "कोयता." फादर हसले. त्यांना वाटलं बाई चेष्टेखोर आहे. शेजारच्या रोझीबाईंनी मात्र माझ्या पिशवीकडं असं पाहिलं, जणू तो त्यातच आहे. एक शब्द मागितला होता, एक दिला. बाकीचे इथं लिहिते.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या कडेला आमचं गाव. चार-सहा घरं ख्रिस्ती, एक पत्र्याचं चर्च, बाकी सगळा ऊस. या भागाला लोक साखरेचा मुलूख म्हणतात. गोड असेल तुमच्या चहात. आमच्याकडं ऊस यायचा तो कापत यायचा आणि कापला जायचा. पाचटाच्या पानानं हाता-मानेवर बारीक चिरे पडायचे, घाम त्यात उतरला की अंगाला आग लागायची. हंगामाच्या शेवटी तर सगळ्या शिवारालाच वेड लागायचं. कारखाना बंद व्हायच्या आत ऊस गेला पाहिजे म्हणून माणसं एकमेकांच्या उरावर बसायची. ट्रॉल्या उलटायच्या, बैलांच्या माना सोलवटायच्या, फड पेटवले की आतले ससे जळत बाहेर पळायचे. आणि नेमका त्याच दिवसांत आमचा उपवासकाळ. फादर मिस्सेत सांगायचे, अंतःकरण मऊ करा. बाहेर पडावं तर पहिल्याच फडात कुणाची तरी कवटी फुटायच्या बेतात असायची.

मी सांगतेय ते नव्वदच्या दशकातलं मधलं कुठलं तरी वर्ष. मी तेरा-चौदा वर्षांची. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला चारीच्या दारावर, म्हणजे कालव्याचं पाणी शेतात वळवायच्या जागी, माझ्या सायमनकाकाचा उजवा हात तुटला.

तुटला म्हणजे तोडला. पाणीपाळी आमची होती आणि वरच्या रानातल्या बबननं दार उघडू दिलं नाही. शब्दानं शब्द वाढला. काकानं दाराच्या फळीला हात घातला आणि बबननं कोयता टाकला. काकाला घरी आणला तेव्हा हात मनगटाशी कातडीवर लोंबत होता. आईनं अंगावरच्या लुगड्याचा पदर टराटरा फाडला आणि दंडाला आवळून बांधला. काका ओरडत नव्हता, नुसता दात वाजवत होता. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उरलेलं काढून टाकलं. काका आयटीआय झाला होता, वालचंदनगरला फिटर म्हणून लागायची त्याची स्वप्नं होती. ती स्वप्नं त्या हाताबरोबरच गेली. बबन आत गेला, जामिनावर सुटला, नरसिंहपूरला जाऊन संगमात बुडी मारून आला आणि पुन्हा त्याच दारावर त्याच खोऱ्यानं पाणी धरायला लागला. पाप धुऊन आला, असं लोक म्हणाले. आमचा हात काही उगवून आला नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एक शब्द बोलले नाहीत. तरुणपणी ते ऊसतोडीच्या टोळीत होते, कोयता त्यांच्या हाताचाच एक भाग होता. राखेच्या बुधवारी संध्याकाळी ते चर्चमधून आले, कपाळावर राखेचा क्रूस तसाच, आणि ओसरीवर बसून त्यांनी कोयत्याला कानस लावली. खर्र, खर्र. आत आई जपमाळ घेऊन बसली होती. आम्ही 'नमो मारिया' म्हणत होतो आणि प्रत्येक मण्यामागून ती कानस. दिवस मावळताना बबन आमच्या बांधावरून एकटा घरी जायचा, हे साऱ्या गावाला माहीत होतं. अण्णा पात्यावर अंगठा फिरवायचे, मान वर करून बांधाकडं पाहायचे. कोयता कशासाठी ते घरात कुणी विचारलं नाही आणि प्रत्येकाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तो कोयता उचलला आणि म्हशीसाठी वाढं तोडायला बसली. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हंगामात सगळ्या गुरांचं खाणं तेच. वाढ्यासाठी आईचा स्वतःचा विळा होता. तो म्हणे त्याच आठवड्यात हरवला. आईचं आयुष्यात दुसरं काही हरवल्याचं मला आठवत नाही. वाढं झाल्यावर तिनं बाभळीचं सरपण फोडलं, मग तुराट्या, मग कोंबड्यांच्या खुराड्याची वाकडी पट्टी त्याच कोयत्यानं ठोकून सरळ केली. संध्याकाळी अण्णांनी पात्यावर अंगठा फिरवला आणि थांबले.

"ह्येला काय झालं?"

"काय व्हायचंय? वाढं तोडलं."

"वाढं तोडून धार जाती व्हय अशी?"

"मला काय इचारता? म्हशीला इचारा."

अण्णांनी पुन्हा कानस घेतली. बोथट पातं जागेवर यायला तास दीड तास लागतो. ते मनासारखं होईपर्यंत अंधार पडला होता आणि बबन केव्हाच बांधावरून निघून गेला होता.

असं रोज सुरू झालं. संध्याकाळी ते धार लावायचे, सकाळी ती उतरवायची. दोघं एका ताटात जेवायचे, एकमेकांना मीठ द्यायचे, आणि दोघांमध्ये एक लढाई चालली होती जिचं नाव कुणीच घेत नव्हतं. मी एकदा गोठ्यात तिला विचारलं, "आई, तू मुद्दाम करतेस ना?"

"मी म्हशीचं करतीय."

"आणि देवाचं?"

"त्येच की ह्ये," ती म्हणाली आणि कोयता अशा जोरानं ओंडक्यावर घातला की मी दोन पावलं मागं सरले.

पवित्र बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मऊ आवाजाची, खाली नजर घातलेली कुणीतरी येते. माझी आई तशी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. भाकरी थापताना ती बबनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्याच्या हाताला किडे पडू देत म्हणायची, आणि पडावेत असं तिला मनापासून वाटायचं. रात्रीच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की तिचा आवाज बसायचा. ती ओळ मी एकटीच म्हणायचे. पण सकाळी उठून ती कोयता घ्यायची. क्षमा तिला जमत नव्हती, बोथट करणं जमत होतं.

आणि तेही पुरेसं नव्हतं, हे मला एका शुक्रवारी कळलं. गावातल्या एका मोठ्या फडाची तोड संपत आली होती. ऊस तुटत जातो तशी आतली जनावरं मध्ये मध्ये सरकत जातात, आणि शेवटच्या तुकड्यात सगळी एकत्र कोंडली जातात. त्या दिवशी माणसं काठ्या, कुऱ्हाडी, कुत्री घेऊन भोवती उभी राहतात. एक रानडुक्कर फुटलं ते सरळ अण्णांच्या अंगावर. अण्णांनी घाव घातला. सकाळीच आईनं बाभळीवर घासलेला कोयता, तो मानेत अडकला. डुक्कर मेलं नाही. ते किंचाळत फिरलं, अण्णा त्याच्याबरोबर फरफटले, पुन्हा घाव, पुन्हा, पुन्हा. ती किंकाळी माणसाची असावी तशी होती. अण्णांच्या तोंडावर, छातीवर, दातांवर रक्त. बाकीची माणसं हसायची थांबली. ते मेल्यावरही अण्णा मारत होते.

माझी समजूत होती की बोथट कोयता म्हणजे सुटका. पण बोथट कोयत्यानंही जीव जातो, फक्त वेळ लागतो. आईनंही ते बांधावरून पाहिलं. उपवासकाळातला शुक्रवार म्हणून आमच्या घरात त्यातलं मांस शिजलं नाही. अण्णा पिठलं-भाकरी खात होते आणि खाता खाता, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, पण म्हणाले, "बोथट हत्यारानं जीव घेनं पाप हाय. मारायचं तर एका घावात."

आईनं त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं. दुसऱ्या सकाळपासून तिनं बाभळीच्या गाठी फोडायला घेतल्या. आता तिला नेमकं कळलं होतं, की जोवर धार मनासारखी नाही तोवर हा माणूस घरातून निघणार नाही. कारागीर माणसाचा अभिमानच त्याला ओसरीवर बसवून ठेवत होता, आणि आई त्याला रोज नवं काम देत होती. आज मी विचार करते तेव्हा वाटतं, किती थोडक्यावर सगळं तरलं होतं! एका माणसाचा जीव, एकाचा तुरुंग, आमचं घर, सगळं एका बाईच्या सरपणावर.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. त्या वर्षीच्या बारांत अण्णा होते. भेगाळलेली, मातीची, उन्हानं काळी पडलेली ती पावलं फादरांनी पितळी परातीत धरली, पुसली, वाकून त्यांचं चुंबन घेतलं. अण्णा समोर भिंतीकडं बघत होते. घरी येऊन त्याच धुतलेल्या पायांवर मांडी घालून ते बसले आणि कानस घेतली. त्या संध्याकाळी ते फार वेळ बसले. केसाला लावलं तर केस तुटावा अशी धार झाली. त्यांना घाई नव्हती, कारण उद्या ती कुणी उतरवणार नव्हतं.

आमच्या घराण्यात रीत होती, अजूनही आहे, की गुड फ्रायडेला घरात पातं हलवायचं नाही. सुरी नाही, विळी नाही, कुऱ्हाड नाही. आदल्या दिवशीचं शिळं खायचं, गुरांना वाढं आदल्या दिवशीच तोडून ठेवायचं. प्रभूच्या अंगावर घाव पडले त्या दिवशी आपल्या हातून कशावरही घाव पडू नये. आईनं ही रीत एकदाही मोडली नव्हती. चुकून सुरीला हात लावला म्हणून तिनं मला एकदा रट्टा दिला होता. गुरुवारी रात्री तिनं खुंटीवर चकाकणारा कोयता पाहिला आणि ती तशीच उभी राहिली. वर्षातल्या सगळ्यांत पवित्र दिवशी तिचे हात बांधलेले होते. ज्या दिवशी पातं हलणार नव्हतं, त्याच दिवशी ते सगळ्यांत धारदार होतं.

गुड फ्रायडेला दुपारी आमची क्रूसाची वाट कालव्याच्या भरावावरून जायची. बाभळीचा जड क्रूस, माणसं आळीपाळीनं खांदा द्यायची, चौदा ठिकाणी थांबून प्रार्थना. पाचव्या ठिकाणी सायमन नावाचा माणूस प्रभूला क्रूस वाहायला मदत करतो. म्हणून आमच्या गावात पाचव्या ठिकाणी क्रूस कायम सायमनकाका घ्यायचा. त्या वर्षी फादर म्हणाले, दुसरं कुणी घेईल. काका म्हणाला, "मीच घेनार."

त्यानं खांदा दिला. डाव्या हातानं तोललं, आणि सवयीनं उजवा हात वर नेला. तिथं हात नव्हता. क्रूस घसरला, त्याच्या कानावर आपटून खाली आला, आणि काका गुडघ्यावर धुळीत पडला. कान फाटून रक्त मानेवर आलं. बायका ओरडल्या. आणि भरावाच्या खाली, चारीच्या दारावर, बबन खोऱ्याला टेकून उभा होता. कुणी म्हणालं तो हसला. मी पाहिलं होतं, तो हसला नव्हता, नुसता उभा होता. पण त्या दुपारी त्याचं नुसतं उभं राहणंही फार होतं.

आईनं मागं वळून पाहिलं. अण्णा जिथं होते तिथं नव्हते. तिनं तोंडातलं गाणं तसंच सोडलं आणि भरावावरून पळत सुटली. डोक्यावरचा पदर उडाला, एक चप्पल मागं राहिली. मी तिच्या मागं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा अण्णा कोयता घेऊन पायरी उतरत होते. त्यांचं तोंड मला अनोळखी वाटलं. आई आडवी उभी राहिली.

"द्या हिकडं. सरपान न्हाय घरात."

"आज पातं हलत न्हाय आपल्यात."

"माझं हलतंय. द्या!"

"बाजूला हो."

तिनं हात घातला. मुठीला नाही, मूठ त्यांच्या हातात होती. तिनं पातंच धरलं आणि ओढलं. केस तुटावा अशी धार ती. रक्ताची धार तिच्या कोपरापर्यंत आली, आणि अण्णांची बोटं आपोआप सुटली. तिनं तोच कोयता रक्ताळलेल्या हातात फिरवला आणि दारातल्या दगडी पायरीवर घातला. ठिणगी उडाली. पुन्हा घातला. ती किंचाळत होती.

"मला राग येत न्हाय व्हय? माझ्या दिराचा हात हुता त्यो! न्हाऊ घातलंय म्या त्याला! त्या बबन्याच्या नरडीचा घोट घ्यावा वाटतोय मला! पर उद्या म्हस कोन बघंल? ह्या पोरीला कोन बघंल? तुमी जाऊन बसा तुरुंगात, एका घावात मोकळं! घ्या! घ्या तुमची धार!"

प्रत्येक शब्दाला एक घाव. लोखंड दगडावर आदळत होतं, पात्याचे तुकडे उडत होते, पायरीवर रक्ताचे शिंतोडे. लांबून क्रूसाच्या वाटेचं गाणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू येत होतं. आईनं मारणं थांबवलं तेव्हा पात्याला करवतीसारखे खांडे पडले होते. गुड फ्रायडेला, प्रभूच्या मरणाच्या घटकेला, माझ्या रीतभात पाळणाऱ्या आईनं घरात इतके घाव घातले होते की मला मोजता आले नाहीत. मी आयुष्यात त्याहून पवित्र काही पाहिलेलं नाही. हे मी फादरांना कसं सांगणार होते, तेही एका शब्दात?

अण्णांनी डोक्याचा पटका सोडला आणि तिचा हात बांधला. तिच्या तळव्यातली शीर तुटली होती. तो हात पुढं मरेपर्यंत पुरता उघडला नाही, मिस्सेत प्रसाद घ्यायला पुढं केला तरी वाटीसारखा आखडलेलाच राहायचा. तिला सवय झाली, आम्हालाही.

पण त्या शुक्रवारी काही संपलं नव्हतं. शनिवारी सकाळी उठून बघते तर अण्णा ओसरीवर. पुढ्यात खांडे पडलेला कोयता, हातात कानस. खर्र, खर्र. आई चुलीपाशी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. आता अडवायला तिच्याकडं हातच नव्हता. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती उठली नाही. उन्हं वर आली तरी कानस चाललीच होती. मग थांबली. अण्णांनी अंगठा फिरवून पाहिला, बांधाकडं पाहिलं. बबन त्या वेळी चारीवर होता, घरातून दिसत होता. अण्णा उठले, पायरीवरचे सुकलेले डाग ओलांडले, अंगणाच्या टोकापर्यंत गेले.

आणि गोठ्याकडं वळले. म्हैस काल दुपारपासून उपाशी हंबरत होती. गुरुवारी तोडून ठेवलेलं वाढं शुक्रवारी सकाळीच संपलं होतं, आणि पुढच्या गोंधळात तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. अण्णांनी वाढ्याची पेंढी ओंडक्यावर टाकली.

तेवढ्यात सायमनकाका आला. कानाला पट्टी, डोळे तांबारलेले. आमच्या दारात काल काय झालं ते त्याला कळलं होतं. तो गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि अण्णांच्या हातातल्या कोयत्याकडं बघत राहिला.

"दादा, गेला न्हाईस?"

अण्णांनी मान वर केली नाही. "म्हशीला वाढं न्हवतं."

काकानं मागं वळून, ओसरीवर येऊन उभ्या राहिलेल्या आईच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं, खूप वेळ. मला वाटलं तो आता थुंकेल, शिवी देईल, कोयता हिसकावून स्वतः जाईल. त्याचा जबडा हलत होता. मग तो खाली बसला, ती पेंढी जवळ ओढली, आणि तिच्यावर आपलं ते थोटं मनगट ठेवून घट्ट दाबून धरली, पातं पडणार होतं तिथून वीतभर अंतरावर.

"तोड," तो म्हणाला.

अण्णांनी कोयता उचलला. खच्चकन् वाढं तुटलं, आणि म्हशीनं मान पुढं केली.